सोयाबीनचे वाण ढीगभर, मग विविधता कमी कशी?

तुमचा प्रश्न असा: दुकानात सोयाबीनचे इतके वाण दिसतात, तरी शास्त्रज्ञ म्हणतात की या पिकात जनुकीय विविधता कमी आहे, हे खरं का? आणि जंगली सोयाबीन जपून शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं? मी वनस्पती पैदासशास्त्र शिकलोय आणि घरचं रान हातकणंगले तालुक्यात आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगतो.

खरं आहे. पिशव्यांवरची नावं वेगळी, भावकी एकच. १९६० च्या दशकात अमेरिकेतून ब्रॅग, ली, क्लार्क-६३ असे वाण आपल्याकडं आले आणि पंतनगर, जबलपूरला त्यांच्या चाचण्या झाल्या. पुढच्या कितीतरी भारतीय वाणांची वंशावळ उलगडत गेलात तर ब्रॅग भेटतोच. जबलपूरचा जेएस ३३५ हा १९९४ चा. तो इतका पसरला की नंतर नव्या संकरांतही आई किंवा बाप म्हणून तोच.

त्यात सोयाबीनचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागण उरकून घेतं. आपोआप होणारा संकर एक टक्क्याच्या आतच. म्हणून तर आपण घरचं बियाणं राखून पेरू शकतो. पण नवं काही हवं असेल तर पैदासकाराला कळी चिमट्यानं उघडून परागकोश काढावे लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच कळ्या गळून पडतात. हे काम ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक! पांढऱ्या फुलाची आई आणि जांभळ्या फुलाचा बाप घेतला, तर पुढच्या पिढीत जांभळं फूल दिसलं की संकर साधला, हे शेतात उभं राहूनच कळतं.

आता आपल्या भागाचं. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पावसानं पान ओलं राहिलं की तांबेरा हा बुरशीचा रोग येतो. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुरळ, मग पिवळेपणा, पानगळ आणि शेंगेत दाणा बारीक. तांबेऱ्यासमोर जेएस ३३५ टिकत नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं त्याच जेएस ३३५ चा संकर ईसी २४१७७८ या परदेशातून आलेल्या संग्रहातल्या वाणाशी केला आणि तांबेऱ्याला प्रतिकारक डीएसबी २१ काढला. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचे फुले अग्रणी (केडीएस ३४४) आणि फुले संगम (केडीएस ७२६) हेही तांबेरा सोसणारे म्हणूनच आपल्याकडं रुळले. ‘ईसी’ म्हणजे बाहेरून आलेल्या नमुन्याला देशात दिलेला क्रमांक. पेटीत पडून असलेलं असलं बी कुणी जपलं नसतं, तर तुमच्या हातात फक्त फवारणीचा पंप उरला असता.

जंगली सोयाबीन चीन, कोरिया, जपान, रशियाच्या पूर्व भागात उगवतं. वेल लोळते, दाणा काळा आणि बारीक, शेंगा तडकतात. पण गुणसूत्रं आपल्या सोयाबीनइतकीच, ४०, त्यामुळं संकर सहज जमतो. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की माणसानं हे पीक माणसाळवताना जवळपास निम्मी विविधता आणि दुर्मीळ जनुकरूपांपैकी (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांपैकी) ८१ टक्के मागं राहिली. अडचण एवढीच की चांगल्या जनुकासोबत तडकणाऱ्या शेंगाही येतात, म्हणून पुन्हापुन्हा चांगल्या वाणाशी संकर करून नको ते गाळावं लागतं.

एकाच स्रोतावर विसंबलं तर काय होतं, ते अमेरिकेनं पाहिलंय. मुळावरच्या सूत्रकृमीला (मातीतल्या सूक्ष्म कृमीला) प्रतिकारक असलेल्या तिथल्या बहुतेक वाणांनी पीआय ८८७८८ या तिथल्या संग्रहातल्या एकाच नमुन्यातली जनुकं घेतली. वर्षानुवर्षं तेच पेरल्यावर सूत्रकृमी त्यालाही सरावले. तांबेऱ्याच्या बुरशीचेही अनेक प्रकार आहेत. प्रतिकाराची जनुकं आजवर सात ठिकाणी सापडलीत, पण एकेकटं जनुक फार काळ तग धरत नाही.

आपल्याकडचा एक नमुना मात्र माझ्या विशेष आवडीचा: मध्य भारतातला काळ्या बारीक दाण्याचा कालीतूर. उत्पन्न फार नाही, पसरतो, उशिरा येतो. पण त्याची उगवणशक्ती साठवणीत चांगली टिकते. आपल्या पिवळ्या टपोऱ्या दाण्याची साल नाजूक. मळणीत जरा मार बसला किंवा गोदामात ओल लागली की उगवण ढासळते. दर मे महिन्यात गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ७० उगवतात का ते बघायची आपली कसरत त्यामुळंच. कालीतूरचा हा गुण पिवळ्या दाण्यात आणायचा तर उशिरा येणं आणि पसरणं मागं टाकावं लागेल.

तुमचं रान नदीकाठचं असेल तर तांबेरा सोसणारा वाण घ्या, पण सगळ्या रानात एकच पेरू नका.