मुंबईत फोर्ट-कुलाब्यात जुन्या हॉटेलात राहायचंय? मग हे वाच
अरे पहिल्यांदाच जुन्या ब्रिटिशकालीन हॉटेलात राहणार आहेस ना, मग एक गोष्ट पक्की धर, फोटोत दिसते ती इमारत आणि तुला मिळते ती खोली या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ताजचंच घे, मूळ इमारत १९०३ ची पण शेजारचा टॉवर १९७३ चा, त्यामुळे जुना जिना, लाकूडकाम वगैरे अनुभवायचं असेल तर बुकिंग करताना पॅलेस विंग, म्हणजे जुन्या इमारतीतली खोली आहे का ते विचारून घे, नाहीतर ताजमध्ये राहून टॉवरमध्ये झोपशील.

बजेट कमी असेल तर कुलाब्याच्या गल्ल्यांत जुन्या इमारतींमधली छोटी हॉटेलं आहेत, छत उंच, खिडक्या मोठ्या, पण लिफ्ट चालू आहे का, बाथरूम खोलीतच आहे का हे फोन करून विचार. मी एकदा विचारलं नव्हतं, आईला घेऊन तीन मजले चढलो, अजून ऐकवते! आणि रस्त्याकडची खोली नको, हॉर्नने झोप उडते.

फिरायला रविवारची सकाळ बेस्ट, फोर्ट अगदी रिकामं असतं, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, राजाबाई टॉवर, काळा घोडा परिसर सगळं चालत बघून होतं. पण जेवायचं आधी बघून ठेव, तिथल्या बऱ्याच खानावळी ऑफिसवाल्यांवर चालतात, रविवारी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा गेटवेवरून लाँच पकडायची तर दुसरा वार ठरव.