नंबर लागेपर्यंतची धडधड: रोलर कोस्टरच्या रांगेविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन पार्कात जाणाऱ्यांची पत्रं बरीच आली आहेत. बहुतेकांची भीती राईडपेक्षा तिच्या आधीच्या रांगेची आहे, आणि ती खरीच आहे. नेमके प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : खोपोलीच्या इमॅजिकामध्ये ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरच्या रांगेत पाऊण तास उभी राहिले आणि अगदी तोंडाशी येऊन परत फिरले. वरून किंचाळ्या ऐकू येत होत्या, हात गार पडले होते, पोटात गोळा आला होता. भाच्या अजून चिडवतात. या सुट्टीत पुन्हा जायचं आहे आणि बसायची इच्छा मनापासून आहे. रांगेतला तो वेळ काढायचा कसा? (वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या शरीरात बिघाड काहीच झाला नव्हता. धोका दिसला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, रक्त त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात, पचन थंडावतं म्हणून पोटात गोळा येतो. ही लाट काही मिनिटांत ओसरते. पण रांगेत दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून गाडी जाते, किंचाळ्या येतात आणि ओसरत आलेली लाट पुन्हा उठते. पाऊण तासात असं पंधरा-वीस वेळा झालं तर माणूस राईडच्या आधीच थकतो. परत फिरण्यामागे भित्रेपणापेक्षा हा थकवाच जास्त असतो.

म्हणून रांगेत शिरण्याआधी बाहेर उभ्या राहा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि एक गाडी सुटल्यापासून थांबेपर्यंत पूर्ण पाहा. साखळी गाडीला ओढत चढावरून वर नेते, त्याला साधारण अर्धं मिनिट लागतं. पहिल्या उतारापासून ब्रेक लागेपर्यंतचा काळ जेमतेम मिनिटभराचा असतो. हा आकडा स्वतः मोजलेला असला की मनाला पटतो, कुणी सांगून तितका पटत नाही. एकदा पाहिलंत की पुरे. रांगेत गेल्यावर रुळांकडे पाठ करा, बरोबरच्या माणसाशी बोला, भेंड्या लावा, काहीही करा, पण प्रत्येक गाडी पाहू नका.

श्वास : नाकाने चार अंक मोजत आत, तोंडाने सहा ते सात अंक मोजत बाहेर. असे दहा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. भराभर खोल श्वास मात्र घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि माणसाला वाटतं की आता आपल्याला काहीतरी होणार.

स्वतःला ‘शांत हो, शांत हो’ असं बजावण्याचा उपयोग फार होत नाही, कारण शरीर आधीच वेग घेऊन बसलेलं असतं. हार्वर्डच्या संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणं किंवा भाषण करण्याआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धडधड तीच राहते, फक्त तिला नाव दुसरं मिळतं. ‘मजा येणार आहे’ असं खरोखर तोंडाने म्हणा.

आता पुढे काय काय घडतं ते क्रमाने सांगतो, म्हणजे ऐनवेळी काही नवीन वाटणार नाही. 2013 मध्ये सुरू झालेली नायट्रो ही बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीची फ्लोअरलेस, म्हणजे पायाखाली तळ नसलेली, कोस्टर आहे. उंची 132 फूट, म्हणजे अंदाजे तेरा मजले. एका ओळीत चौघं बसतात. खांद्यांवरून हार्नेस, म्हणजे आसनात धरून ठेवणारी चौकट, खाली येतो आणि दोन पायांच्या मधून येणारा पट्टा त्याला बकलने जोडला जातो. कर्मचारी प्रत्येकाचा हार्नेस हाताने ओढून पाहतात. हार्नेस पोटाला टेकेल इतका घ्या, पण ‘अजून घट्ट’ म्हणून दाबत बसू नका. वाटेत श्वास अडतो आणि भीती उगाच वाढते. मग पायाखालचा प्लॅटफॉर्म खाली होऊन बाजूला सरकतो आणि पाय हवेत लोंबकळतात. या क्षणी बहुतेकांचा धीर सुटतो. हा क्षण येणार हे ठाऊक असलं की तो दोन सेकंदांत निघून जातो.

चढावर टक-टक-टक आवाज येईल. बरेच जण समजतात की साखळी तुटायला आली. चढाच्या कडेने दात्यांची पट्टी असते आणि गाडीखालची खुंटी एकेका दात्यावरून पुढे सरकते. सायकलचं फ्रीव्हील जसं एकाच दिशेने अडकतं तसंच. साखळी थांबली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ही सोय असते, आणि ती काम करते आहे हेच त्या आवाजातून कळतं. तुम्हाला धीर देणारा आवाज आहे तो.

उतारावर डोकं मागच्या गादीला टेकवून ठेवा आणि डोळे उघडे ठेवा. वळण कुठे आहे ते दिसलं तर मान आपोआप सावरते. लूपच्या, म्हणजे उलटं करणाऱ्या उभ्या गोल फेऱ्याच्या, तळाशी वजन तीन-चार पट झाल्यासारखं वाटतं. तेव्हा पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळून धरा, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. ओरडायचं असेल तर खुशाल ओरडा. ओरडताना श्वास बाहेर पडतो, तो कोंडून राहत नाही.

तरीही नको वाटलं तर? गाडी सुटेपर्यंत तुम्हाला उठता येतं. हात वर करून ‘मला उतरायचंय’ इतकं म्हणा. कर्मचाऱ्यांना याची सवय असते. भाच्यांना मात्र सांगा, चिडवून कुणाची भीती जात नाही, ती लपवायची सवय तेवढी लागते.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, दांडगा आहे. उंचीच्या पट्टीला दोन सेंटिमीटर कमी पडतो. जाड सोलचे बूट घातले तर चालेल ना? मी शेजारी बसून त्याला धरीन. (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. उंचीची अट धाडसाची परीक्षा नसते. हार्नेस खांद्यावर कुठे टेकतो, पाठ आसनाला किती लागते, मधला पट्टा कुठून जातो हे सगळं शरीराच्या मापावर ठरतं. बुटाने डोकं वर जातं, खांदे मात्र आसनात बसल्यावर तिथेच राहतात. धरण्याचं म्हणाल तर तीस किलोचं मूल तीन-चार पट वजनाच्या क्षणी नव्वद ते एकशेवीस किलोचं होतं. ते कुणाच्याही हातात राहणार नाही. तासभर रांगेत उभं करून शेवटच्या फाटकावर त्याला परत पाठवलं तर तो रडेल ते वेगळंच. म्हणून प्रवेशद्वारापाशीच माप घ्या, आणि आधी मुलांसाठीच्या लहान कोस्टरवर न्या.

प्रश्न : रांगेत किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधायचा? आणि बसायला पुढची ओळ बरी की मागची? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन गोष्टी मोजा. एका गाडीत जागा किती आणि दोन गाड्या सुटण्यातलं अंतर किती. समजा, जागा 28 आणि अंतर 3 मिनिटांचं आहे. म्हणजे तासाला 20 फेऱ्या, 560 माणसं. रांगेच्या एका वळणात 40 जण उभे असतील आणि तुमच्यापुढे अशी पाच वळणं असतील तर 200 माणसं, म्हणजे आठ फेऱ्या, चोवीस-पंचवीस मिनिटं. गाड्या अर्ध्या रिकाम्या सुटत असतील तर दुप्पट धरा. गर्दी नसताना एकच गाडी चालवतात, त्यामुळे रांग छोटी दिसली तरी वेळ तितकाच जातो. पार्क उघडल्यावर पहिला तास आणि लोक जेवायला बसतात तो वेळ, हे दोन साधा.

ओळींत फरक खरोखर असतो. पहिल्या ओळीत समोर काहीच नसतं, वारा तोंडावर येतो आणि सगळं दिसतं. शेवटच्या ओळीतल्यांना पुढचे डबे माथ्यावरून खाली ओढून नेतात, त्यामुळे पहिल्या उतारावर आसनातून उचलल्यासारखं सर्वात जास्त तिथेच होतं. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली ओळ आणि चौघांतली आतली जागा मागावी. पहिल्या ओळीसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी, लांब रांग असते. घाबरलेल्या माणसाला त्या रांगेत उभं करू नका.

प्रश्न : मला बोरघाटातच गाडी लागते. मग राईडला बसावं का? उपाशीपोटी जावं की खाऊन? (वाचक, ठाणे)

उत्तर : घाटात गाडी लागते ती मुख्यतः डोळे आणि आतला कान यांचं न जुळल्यामुळे. तुम्ही मोबाईलमध्ये बघत असता आणि कान सांगतो की वळण आलं. कोस्टरवर डोळे उघडे ठेवून पुढच्या रुळाकडे पाहिलं तर ही तफावत कमी होते, शिवाय राईड लवकर संपते. त्यामुळे घाटात त्रास होणारे अनेक जण इथे ठीक राहतात. पण लागोपाठ दोन फेऱ्या घेऊ नका, आणि गोल फिरणाऱ्या राईड तर टाळाच. त्या जास्त लागतात.

उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी, उन्हात उभं राहून चक्कर येते. दीड तास आधी इडली, पोहे, केळं असं हलकं खा. मिसळ, वडापाव, फसफसणारी थंड पेयं राईड झाल्यावर. गाडी लागण्याच्या गोळीने झोप येते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्या.

रांगेत गुडघे ताठ करून उभं राहू नका. रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. दर दोन मिनिटांनी टाचा उचला, पोटऱ्या आवळून सोडा, घोट घोट पाणी प्या. कानात आवाज येऊ लागला, दिसेनासं झालं, घाम फुटला, तर लाज न बाळगता तिथेच खाली बसा. नंबर गेला तरी चालेल.

गरोदरपण, हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पोटात दारू, यांपैकी काही असेल तर बसू नका. घरात अजून सांगितलं नसेल अशा नव्या गरोदर सुनेची सासर-माहेरच्या गोतावळ्यात पंचाईत होते. तिने ‘मला गाडी लागते’ म्हणून बाजूला व्हावं, आणि इतरांनी एका शब्दाने आग्रह करू नये.

प्रश्न : मंगळसूत्र, चष्मा, चपला यांचं काय करायचं? साडी चालते का? (वाचक, सातारा)

उत्तर : साडी नको. मधला पट्टा दोन पायांमधून येतो, त्यामुळे सलवार किंवा पँटच हवी. ओढणी गुंडाळून, पिन लावूनही ठेवू नका, काढूनच द्या. मंगळसूत्र, मोबाईल, किल्ल्या, सुट्टे पैसे लॉकरमध्ये किंवा न बसणाऱ्या माणसाकडे. सामान सांभाळायला थांबलेल्या आजींकडे एक चेन असलेली पिशवी द्या आणि रांगेत शिरण्याआधीच त्यात सगळं टाका. प्लॅटफॉर्मवर आयत्या वेळी खिसे चाचपणाऱ्यांमुळे गाडी खोळंबते. चष्म्याला दोरी लावा, किंवा तोही द्या. पाय लोंबकळत असल्यामुळे चपला निघून जातात, मागे पट्टा असलेलं पादत्राण हवं. केसांचं मुद्दाम सांगतो : डोक्यामागे क्लचर किंवा उंच अंबाडा असेल तर डोकं गादीला टेकत नाही, आणि झटक्यात क्लचर टोचतं. मानेखाली सैल वेणी घाला आणि ती ड्रेसच्या आत सरकवा.

प्रश्न : आम्ही रांगेत असताना राईड अचानक बंद झाली. मग दोन-तीन रिकाम्या गाड्या सोडल्या आणि लगेच माणसं बसवली. असं असताना बसणं सुरक्षित आहे का? (वाचक, पनवेल)

उत्तर : रिकाम्या गाड्या सोडल्या हे चांगलं लक्षण आहे. रूळ टप्प्यांमध्ये वाटलेला असतो आणि एका टप्प्यात एकावेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खबर सेन्सरकडून आली नाही, तर संगणक मागच्या गाडीला चढावर किंवा ब्रेकवर रोखून धरतो. एखादा सेन्सर धुळीने किंवा पाण्याने चुकीचं सांगत असला तरी गाडी थांबतेच. शंका आली की थांबणं, असाच तिचा स्वभाव ठेवलेला असतो. ब्रेकचंही तेच. हवेचा दाब गेला तर ते उघडे न राहता मिटतात. दुरुस्तीनंतर रिकाम्या फेऱ्या घेऊन सगळे टप्पे बरोबर खबर देतात का हे पाहिलं जातं.

गाडी चढावरच थांबली तर हार्नेसशी खटपट करू नका. कडेला जिना असतो, कर्मचारी वर येतात आणि गरज पडली तर एकेका ओळीला सोडवून खाली आणतात. त्यात वेळ जातो, म्हणून राईडआधी लघवीला जाऊन या.

पावसाळ्यात रायगडच्या या पट्ट्यात विजा चमकू लागल्या की उंच राईड थांबतात. हलक्या सरीत चालू असली तरी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगात थेंब चेहऱ्यावर खड्यांसारखे लागतात. तेव्हा डोळे बारीक करा आणि हनुवटी किंचित खाली घ्या, पण डोकं गादीपासून सोडू नका.