जवळा म्हणजे क्रिल का हो?

प्रश्न : परवा टीव्हीवर निळा देवमासा आ वासून क्रिल गिळताना दाखवला, तर सासूबाई म्हणाल्या, "अगो, हा तर आपला जवळाच!" खरंच तोच का? आणि ते शूटिंग मेक्सिकोचं होतं, क्रिल तर बर्फातलं ना? गरम पाण्यात मग ते उन्हाळ्यात भराभर वाढत असेल?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : सासूबाईंची चूक काढायची म्हणजे जिवावर येतं, पण नाही, जवळा वेगळा. आपल्याकडे डोलीच्या जाळ्यात मिळतो आणि खळ्यावर वाळत घालतात तो कोळंबीच्या जवळचा. क्रिल दिसायला तसंच, पण त्याचे कल्ले पाठीच्या कवचाखाली झाकलेले नसतात, पायांच्या बुडाशी पिसासारखे उघडे लोंबतात, आणि बहुतेक जातींच्या अंगावर चमकणारे ठिपके असतात. (सुक्या जवळ्यात हे शोधत बसू नका, काही दिसणार नाही.)

क्रिलच्या पंच्याऐंशीच्या आसपास जाती आहेत, त्यातली अंटार्क्टिकाची एक तेवढी फेमस झाली. तुम्ही पाहिलेले देवमासे बहुतेक कॅलिफोर्नियाच्या आखातातले असणार (नाव कॅलिफोर्नियाचं, पण आखात मेक्सिकोतलंच), लोरेटोच्या बाजूला ते हिवाळ्यात येतात आणि तिथे खातात ते निक्टिफॅनिस सिम्प्लेक्स नावाचं क्रिल. जेमतेम दीड सेंटीमीटरचं. अंटार्क्टिकावालं सहा सेंटीमीटरपर्यंत जातं आणि पाच-सहा वर्षं जगतं, याचा सगळा कारभार काही महिन्यांत उरकतो.

आता उन्हाळ्याचं. तुमचा अंदाज कुणीही करेल असाच आहे पण तिथे नेमकं उलटं होतं. हिवाळ्यात त्या आखातात वायव्येचे वारे सुटतात, ते वरचं पाणी ढकलतात आणि खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, मग प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतं आणि क्रिलची चंगळ. हिवाळा ते वसंत हाच त्यांचा वाढीचा आणि पिल्लांचा सीझन. उन्हाळ्यात वरचं पाणी तीस डिग्रीपर्यंत तापतं, खालचं वर येत नाही, खायला कमी, आणि गरम पाण्यात शरीराचा खर्च मात्र वाढलेला, म्हणजे पगार अर्धा नि भाडं दुप्पट.

खर्च कसला, तर कात टाकण्याचा. क्रिलला कात टाकल्याशिवाय वाढता येत नाही आणि गंमत म्हणजे उपाशी असलं तरी कात टाकणं थांबत नाही. गरम पाण्यात पाच-सहा दिवसांनी नवं कवच, अंटार्क्टिकासारख्या थंड पाण्यात तेच दोन-तीन आठवडे किंवा जास्तही चालतं. पोटात काही नसेल तर नवं कवच आधीपेक्षा लहान निघतं, म्हणजे क्रिल चक्क आखडतं! वाढ मोजायची पद्धतही यावरच आहे. जिवंत क्रिल पकडून एकेकाला वेगळ्या बरणीत ठेवायचं, रोज बघायचं, कुणी कात टाकली की तळाशी पडलेल्या पारदर्शक कवचाची शेपटीची पाकळी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि त्याच क्रिलची नवी पाकळीही. दोन्हीतला फरक हीच वाढ, वजा आली तरी लिहायची. मला स्वतःला हे फार आवडतं, कारण क्रिलचं वय लांबीवरून ठरवायला गेलं की असं आखडलेलं म्हातारं तरुण म्हणून खपून जातं.

अंड्यांचंही असंच वेगळं. अंटार्क्टिकाची मादी हजारो अंडी पाण्यात सोडून मोकळी होते, ती खोल बुडत जातात, तिथे फुटतात आणि पिल्लं वर चढत येतात. उथळ किनाऱ्यावर हे कसं जमणार, अंडी सरळ तळाला टेकतील. म्हणून निक्टिफॅनिसची मादी थोडीच अंडी घालते आणि ती पिशवीत भरून पोटाशी घेऊन फिरते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. तोवर अंडाशयात पुढची खेप तयार होत असते, त्यामुळे खायला आहे तोवर एकामागून एक बाळंतपणं चालूच.

आणि हे गरम पाण्यातलं म्हणून थंड पाण्याच्या किनाऱ्यावर कधी दिसतच नाही असंही नाही. १९९७-९८ च्या एल निनोत गरम पाणी उत्तरेला सरकलं तेव्हा हेच क्रिल पार अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापर्यंत सापडलं होतं.