रोलर कोस्टरच्या नादात नवीन आहेस ना, मग आधी रूळ बघायला शिक
अरे, सगळ्या पार्कांच्या तारखा पाठ करत बसू नकोस, कंटाळशील. एकच राइड धर, मी तर म्हणेन कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडचं मॅटरहॉर्न, १९५९ चं. तोवरचे मोठे कोस्टर बहुतेक लाकडी, इथे पहिल्यांदा पोकळ स्टीलच्या नळीचे रूळ आले, नळी हवी तशी वाकते म्हणून वळणं गुळगुळीत झाली आणि आजचे उलटेपालटे कोस्टर त्यातूनच निघाले. ही राइड ज्या नकली डोंगरातून फिरते, त्याच्या पोटात बास्केटबॉलची रिंग आहे हे खरंय, पण इमारतींच्या उंचीचा नियम चुकवायला लावली ही निव्वळ थाप, असले किस्से तपासूनच पुढे पाठव. मग मागे न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडकडे वळ, १८८४, थॉम्पसनने बांधलेला कोस्टर, नाव स्विचबॅक रेल्वे, तिकीट तेव्हा ५ सेंट, स्पीड ताशी जेमतेम १० किमी, आपली सायकल बरी!