जत-आटपाडीच्या माळावर सांडा सापडतो का? आठवडी बाजारात मिळणारे सांड्याचे तेल खरे असते का?

नाही, सांडा हा काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा आपल्याकडचा नाही. त्याचा मुख्य मुलूख थरचे वाळवंट आणि कच्छ. जत-आटपाडीच्या माळावर मान डोलावणारा दिसतो तो साधा सरडा किंवा गळ्याला रंगीत पंखा असलेला सरडा. दोघेही किडे खातात. सांडा मोठेपणी जवळजवळ पूर्ण शाकाहारी, शेपटीवर काट्यांची वलये. कठीण जमिनीत एकटाच बीळ खोदतो, आत शिरल्यावर तोंड मातीने बुजवतो आणि थंडीभर झोपून राहतो. लग्गड ससाण्याचे तो मोठे भक्ष्य आहे, त्यामुळे तो घटला की शिकारी पक्ष्यांचीही उपासमार होते.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. कालव्याचे पाणी आले की गवताळ पडीक जमीन नांगरली जाते, हे एक कारण. दुसरे म्हणजे हे तेल. ते शेपटीच्या बुडाजवळची चरबी वितळवून काढतात. सांधेदुखी किंवा मर्दानगीवर त्याचा गुण येतो याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. विकणारे जिवंत सांड्याचा कणा मोडून ठेवतात, पळू नये म्हणून. हे फार क्रूर आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे आणि विकणे गुन्हा आहे. बाजारात दिसला तर स्वतः विकत घेऊन सोडू नका, त्याने मागणीच वाढते, आणि आपल्या माळावर तो जगणारही नाही. जागा व वेळ टिपून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.