स्वीप केलं, कळा आल्या आणि थांबल्या

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने पर्समधून वहीचा फाडलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलीने लिहिलेल्या वेळा: 10.10, 10.22, 10.51, 11.00, मग एकदम 11.40. त्याखाली दोनदा रेघ मारलेला शब्द, ‘थांबल्या’.

पहिलटकरीण. 40 आठवडे आणि 2 दिवस. आदल्या दुपारच्या तपासणीत स्वीप केलेलं, म्हणजे कळा सुरू व्हाव्यात म्हणून गर्भाशयाच्या तोंडातून बोट फिरवलेलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि पहाटे पॅडवर तपकिरी-लालसर, शेंबडासारखा चिकट डाग. डाग म्हणजे बाळाला काही इजा झाली का, ही एक धास्ती. दुसरी तिने खाली बघत सांगितली, “सगळ्यांना येतात कळा. माझ्याच शरीराला जमत नाहीये का?”

स्वीप म्हणजे काय ते आधी कुणी सांगितलं होतं का, विचारलं. “तपासता तपासता म्हणाल्या, थोडं दुखेल हं. झालं.”

हे मला फार खटकतं. आतून तपासणं वेगळं आणि स्वीप वेगळं. त्याआधी बाईला विचारायलाच हवं, आणि ती ‘आज नको’ म्हणाली तर तेही चालायला हवं. पुढे काय काय होईल हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तरी तिची ती रात्र इतकी वाईट गेली नसती.

गर्भाशयाचं तोंड थोडं उघडलेलं असेल तर त्यातून बोट आत घालून गोल फिरवतात आणि पाणमोटीचं आवरण भिंतीपासून जरासं सुटं करतात. त्याने प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, तोंड मऊ व्हायला लागतं. तोंड घट्ट मिटलेलं असेल तर हे करताच येत नाही. त्या भागात रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून थोडा डाग लागतो. चिकट जे पडतं ते तोंडाशी इतके महिने बसलेलं बूच. पाळीत दुखावं तसं ओटीपोट आणि कंबर दुखते, अधूनमधून कळाही येतात, आणि पुष्कळदा दिवसभरात विरून जातात.

कागद तिच्याकडे सरकवला आणि दोन वेळांमधलं अंतर काढायला सांगितलं. 12 मिनिटं, 29, 9, 40. तिचं तिलाच हसू आलं. बाळंतपणाच्या कळा अशा लहरी नसतात. अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, कूस बदलली, चार पावलं चाललं, तरी त्या हटत नाहीत.

राहिलं ते ‘जमत नाहीये का’. स्वीपचा उपयोग व्हायचा असेल तर बऱ्याचदा पहिल्या दोनेक दिवसांत दिसतो. नाहीच झाला तर काही दिवसांनी पुन्हा करता येतं, किंवा कळा सुरू करायच्या औषधांचा विचार होतो. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये स्वीपवरचे 44 अभ्यास एकत्र तपासले. स्वीप केलेल्या शंभरातल्या साधारण 72 जणींना आपोआप कळा सुरू झाल्या, न केलेल्यांत 60 जणींना. हा पुरावा फार भक्कम नाही, असं त्याच आढाव्यात म्हटलंय. म्हणजे फरक पडतो, पण बेताचाच. आणि स्वीप करूनही वाट बघावी लागलेल्या बायका काही कमी नाहीत.

मग माझे नेहमीचे प्रश्न. पॅड भिजेल इतकं लालभडक रक्त? नाही. पाण्यासारखं काही झिरपतंय, हिरवट वगैरे? नाही. ताप? नाही. दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडतं? हो. बाळ फिरतंय?

ती गप्प झाली. “सकाळपासून... लक्षच नव्हतं. पॅडच बघत होते सारखी.”

कागद तिथेच राहिला. ‘जरा झोपून बघा, काहीतरी गोड खा’ असं मी सांगत नाही. हालचाल कमी वाटली किंवा आठवतच नसेल, तर तडक प्रसूतिकक्ष. वरच्या बाकी प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर उलटं आलं तरी तिथेच जायचं, माझ्याकडे नाही. मी स्वतः तिला सोबत घेऊन गेले. पोटाला पट्टे बांधून ठोक्यांचा आलेख काढला, ठोके उत्तम. पाच मिनिटांत पट्ट्याखाली अशी लाथ बसली की पट्टाच सरकला. तेव्हा ती रडली, रात्रीपासून पहिल्यांदाच.

तीन दिवसांनी दुसऱ्या स्वीपबद्दल तिला विचारलं गेलं. या वेळी आधी. ती म्हणाली, एक दिवस थांबते. त्याच रात्री कळा सुरू झाल्या.

बाळंत झाल्यावर तिने मला दुसरा कागद दाखवला. अंतर 8 मिनिटं, 7, 5, 5. शेजारी ‘बाळ’ असा वेगळा रकाना, त्यात बरोबरच्या खुणा. शेवटची वेळ मात्र अर्धीच लिहिलेली होती.