जुन्या गिरण्या-कारखाने जपायला राष्ट्रीय संस्था कशाला हवी?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमधली ‘असोसिएशन फॉर इंडस्ट्रियल आर्किऑलॉजी’ नेमकं काय करते, आणि आपल्याकडे गडकोट ढासळत असताना बंद गिरण्यांवर कुणी पैसा का घालवावा. मी कापड-तंत्राचा अभियंता, सध्या लँकेशायरमध्ये राहतो आणि या संस्थेचा सभासद आहे. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

संस्था १९७३ सालची. पण मूळ त्याआधीचं. प्रौढांचे अभ्यासवर्ग घेणाऱ्या मायकेल रिक्स यांनी १९५५ मध्ये एक लेख लिहून जुने कारखाने, भट्ट्या, कालवे यांची नीट नोंद व्हायला हवी असं मांडलं. पुढे १९६१-६२ मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनची भव्य दगडी कमान एवढा विरोध होऊनही पाडली गेली, आणि अनेकांचे डोळे उघडले. गावोगावी हौशी मंडळं निघाली. त्यांत शिक्षक होते, अभियंते होते, निवृत्त कामगार होते. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन गिरण्यांची मापं घ्यायची, नकाशे काढायचे, फोटो काढायचे. या विखुरलेल्या कामाला देशपातळीवर एक घर मिळालं ते या संस्थेमुळे. पहिले अध्यक्ष एल. टी. सी. रोल्ट. वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, त्यामागे हेच गृहस्थ होते.

आज संस्था १९७६ पासूनचं आपलं संशोधनपत्र काढते, दरवर्षी वेगळ्या भागात परिषद भरवते, जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या गटांना अनुदान देते आणि एखादी जुनी गिरणी पाडायचा अर्ज आला की अभ्यास करून आपलं मत कळवते. मला यातलं अनुदानाचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. इमारतीच्या डागडुजीला कुठून तरी पैसे मिळतात. आतलं इंजिन किंवा क्रेन परत चालू करायला सहसा कुणी पुढे येत नाही.

यंत्र चालतंच कशाला ठेवायचं, तर लँकेशायरमधल्या बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल बघा. १८९५ मध्ये सुरू झालेली ही विणाई गिरणी १९८२ मध्ये बंद पडली, म्हणजे मुंबईतला गिरणी संप सुरू झाला त्याच वर्षी. ‘पीस’ नावाचं वाफेचं इंजिन आणि शेकडो लँकेशायर साचे (विणायचे माग) मात्र जागेवरच राहिले, आणि गिरणीचं संग्रहालय झालं. २०१६ मध्ये निधीअभावी तेही बंद करावं लागलं होतं. नंतर ते मर्यादित स्वरूपात पुन्हा उघडलं. म्हणजे इथेही सगळं आलबेल नाही.

या साच्यातला धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग, हातात घेतला की त्याच्या कडेला एक बारीक भोक दिसतं. धोट्यातली कांडी (सूत गुंडाळलेली नळी) संपली की विणकर नवी कांडी घालायचा, त्या भोकाला ओठ लावायचा आणि श्वासाने सूत ओढून बाहेर काढायचा. कापसाची धूळ पोटात आणि छातीत जायची. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागायचा, त्यामुळे रोग पसरण्याची भीती होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांवर बंदी घातली.

आता हेच मुंबईत काय होतं ते बघा. आपल्या गिरण्यांमधली कितीतरी यंत्रं लँकेशायरमधूनच आलेली होती. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव तर जुने कामगार अजून घेतात. सूत तोंडाने ओढायचं, मग धोटा ‘बाटतो’, असं कारण सांगून दलित कामगारांना साचेखात्यात घेतच नसत. पगार बरा होता तो तिथे. त्यांच्या वाट्याला मात्र त्रासनखात्यासारखी (सूत कातायचं खातं) कमी पगाराची खाती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे रोखठोक मांडला. ही सगळी हकीकत पुस्तकांत आहे, मीही आधी ती वाचलेलीच होती. पण ते भोक स्वतः पाहिल्यावर जातीची भिंत किती बारीकशा जागेवर उभी केली होती ते ज्या तऱ्हेने कळलं, तसं वाचून कळलं नव्हतं.

म्हणून ‘गड की गिरण्या’ हा वाद मला पटत नाही. गडाची निगा राखायलाच हवी. पण मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला, तेव्हापासून कोकण-घाटावरून आलेल्या लाखो माणसांनी जे आयुष्य काढलं त्याच्या खुणा गिरण्यांतच होत्या, आणि यंत्रं तर भंगारात गेली. आपल्याकडे इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था १९८४ पासून काम करते, पण तिचा पसारा देवळांपासून तलावांपर्यंत सगळ्याचा आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम महापालिकेने हाती घेतलंय, त्याचा मला मनापासून आनंद आहे. तिथे निदान एक साचा तरी चालता असावा, आवाजासकट.

तुम्हाला स्वतःला काही करावंसं वाटत असेल तर राष्ट्रीय संस्थेची वाट बघू नका. घरात, चाळीत कुणी साचेवाला, जॉबर (खात्यातला मुकादम), बदली कामगार असेल तर त्याच्याजवळ मोबाईल घेऊन बसा. ‘तेव्हा कसं होतं’ असं मोघम विचारू नका. पाळीला गेल्यावर पहिल्यांदा काय हातात घ्यायचात, सूत तुटलं की काय करायचात, असं विचारा. हात आपोआप हलायला लागतात. तेही चित्रित करा. पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, बिल्ला असेल तर फोटो काढून कुणाचं, कोणत्या गिरणीचं, कोणत्या खात्यातलं, हे लगेच लिहून ठेवा.